न बघता धरणारा नांगर

प्रबोध खानोलकरांनी एकोणतीस वर्षं जहाजांवर काढली, पण त्या एकोणतीस वर्षांत त्यांनी एकदाही नांगर टाकला नाही. यात नवल काही नव्हतं. ते इंजिनवाले. जहाजाचा नांगर हा डेकवाल्यांचा प्रांत, आणि दुसऱ्याच्या प्रांतात नाक खुपसायचं नाही हा जहाजावरचा पहिला रिवाज. वर नांगर सुटला की साखळीचा गडगडाट पोलादातून खाली इंजिनरूमपर्यंत उतरायचा. थोड्या वेळाने ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथून, 'इंजिनचं काम संपलं' असा निरोप यायचा. मग चीफसाहेब, म्हणजे चीफ इंजिनिअर खानोलकर, हात पुसून चहा मागवायचे. नांगराशी त्यांचा संबंध एवढाच.

वेंगुर्ल्याच्या पोस्टमास्तरांचा हा मुलगा. कलकत्त्याला मरीन इंजिनिअरिंग शिकला, सत्तर साली बोटीवर चढला आणि नव्व्याण्णव साली उतरला तो थेट सिंगापूरला. बिऱ्हाड आधीपासूनच तिथे होतं, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये. बायको उल्का नोव्हेनाच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन होती. मुलगी श्रिया शिकून नोकरीला लागली, लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली. पुढची चार वर्षं खानोलकरांनी एका शिपिंग कंपनीत जहाजांच्या दुरुस्त्या बघितल्या आणि दोन हजार तीनच्या डिसेंबरात तेही सोडलं. पंचावन्न वर्षांचं वय, हातपाय धड, आणि सकाळी नऊनंतर करायला काही नाही. घरातला प्रत्येक नळ त्यांनी उघडून पुन्हा बसवला. तेव्हा उल्काच म्हणाली, "अहो, बाहेर काहीतरी शोधा. या नळांनी काय पाप केलंय?"

बोट घ्यायची कल्पना कॅप्टन घोरपड्यांची. शैलेंद्र घोरपडे हे साताऱ्याकडचे. घरात सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिला नव्हता. ते मात्र मास्टर, म्हणजे जहाजाचे कप्तान, होऊन निवृत्त झाले. बायको वारल्यावर सिंगापुरातच वुडलँड्सला मुलीकडे, ईशाकडे, राहत होते. उंच, ताठ, मोजकं बोलणारा माणूस. सत्त्याऐंशी साली दोघं एकाच जहाजावर होते. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, ऐन वर्दळीत, इंजिन बंद पडलं होतं. अशा वेळी वरचा मास्टर दर दोन मिनिटांनी फोन करून "किती वेळ?" विचारतो आणि खालच्या माणसाचे हात कापायला लागतात. घोरपड्यांचा फोन चाळीस मिनिटांत एकदाही वाजला नाही. इंजिन सुरू झाल्यावर फक्त "थँक यू, चीफ" एवढं आलं. खानोलकरांनी त्या दिवशी मनात त्यांना जी जागा दिली, ती पुढे कधी काढून घेतली नाही. तेव्हापासून हे त्यांना 'कॅप्टन' म्हणत आणि ते यांना 'चीफ'. निवृत्तीनंतरही त्यात बदल झाला नाही.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये दोघांनी अर्धीअर्धी भागी करून एका दंतवैद्याची जुनी, सतरा फुटी फायबरची बोट घेतली. मागे साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. बोट पोंगोलच्या बाजूच्या एका बोटयार्डात ठेवलेली. वाटणी न बोलताच झाली. इंजिन खानोलकरांचं, बाकी सगळं कॅप्टनचं.

मासा कुठला धरायचा तेही लगेच ठरलं. वेंगुर्ल्याला ज्याला भाकस म्हणतात, तो लेपेचा थोरला भाऊ म्हणावा असा चपटा मासा या पाण्यातही मिळतो. मलय कोळी त्याला 'एका बाजूचा मासा' म्हणतात, कारण दोन्ही डोळे एकाच बाजूला. इंग्रजी पुस्तकात त्याचं नाव इंडियन हॅलिबट. खानोलकरांनी तो लहानपणी खाल्ला होता आणि पुढची चाळीस वर्षं नुसता आठवला होता. कॅप्टनना माशातलं काही कळत नव्हतं, पण ठरवलेल्या ठिकाणी जाऊन उभं राहणं त्यांना आवडत होतं.

आणि भाकसाला तेच लागतं. हा मासा तळाच्या वाळूत अंग पुरून पडून राहतो. बोट वाहत राहिली तर आमिष त्याच्या डोक्यावरून निघून जातं. एका जागी ठाम थांबायचं, माकुळीचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा तळाला सोडायचा आणि वास प्रवाहाबरोबर पसरू द्यायचा. म्हणजे सगळी भिस्त नांगरावर.

नांगर कॅप्टननी आणला. सोळा किलोचा, जहाजाच्या नांगराची हुबेहूब लहान प्रत. त्याला दीड मीटर साखळी आणि चाळीस मीटर दोर.

"कॅप्टन, सतरा फुटांच्या बोटीला सोळा किलो?" खानोलकरांनी विचारलं.

"चीफ, वजन धरतं," कॅप्टन म्हणाले. विषय संपला.

पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या. मासा लागला नाही, पण हवा खाल्ली. नांगर ओढून वर घ्यायचं काम खानोलकरांकडे आलं, कारण तेव्हा सुकाणूवर कॅप्टन असत. दुसऱ्या खेपेनंतर त्यांची कंबर धरली आणि आठवडाभर उल्काने गरम पाण्याची पिशवी दिली.

तिसरी खेप मे महिन्यातली. उबिन बेटाच्या अलीकडे बारा मीटर पाण्यात त्यांनी नांगर टाकला. जहाजावरच्या सवयीप्रमाणे कॅप्टननी किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरल्या. मागे टेकाडावरचा टॉवर, पुढे जेटीचा पांढरा खांब. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर बोट जागेवर. रेष मोडली की नांगर घसरला. दर पंधरा मिनिटांनी कॅप्टन तिकडे बघत आणि सांगत, "स्टेडी आहे, चीफ." खानोलकर गळाकडे लक्ष देऊन बसले होते. ओहोटी लागली, पाण्याला ओढ आली. कॅप्टन पुन्हा म्हणाले, "स्टेडी."

पाच छोटे भोंगे लागोपाठ ऐकू आले तेव्हा खानोलकरांनी मान वर केली. रेतीचा बार्ज ओढणारी एक टग त्यांच्या अंगावर येत होती. ते जहाजांच्या वाटेत, नांगर टाकला होता तिथून किमान चारशे मीटर लांब वाहत आले होते. टगवरचा माणूस हातवारे करून ओरडत होता. खानोलकरांनी इंजिन चालू केलं, दोर लोंबकळत असतानाच बोट बाजूला काढली आणि मग दातओठ खात ते सोळा किलो वर घेतले. नांगराला चिखल असा नव्हताच. दोन्ही पाती धुतल्यासारखी स्वच्छ होती. तो तळावरून नुसता फरपटत आला होता.

दोघं यार्डात परतले. बोट बांधून झाल्यावर कॅप्टन म्हणाले, "वीस किलोचा घ्यायला हवा."

"वीस किलो उचलणार कोण?"

"मी उचलतो."

"प्रश्न उचलण्याचा नाही, कॅप्टन. तो रुतलाच नाही. आणि तुम्ही तर स्टेडी म्हणत होतात."

कॅप्टननी त्यांच्याकडे पाहिलं. "नांगर हा माझा विषय आहे, चीफ," ते म्हणाले आणि टॅक्सीकडे चालायला लागले.

पुढचे पाच आठवडे फोन आला नाही, यांनीही केला नाही. खानोलकरांना राग आला होता, पण तो नुसता बाळगून ठेवणं त्यांना जमत नसे. बिघाड दिसला की कारण शोधायचं, ही जन्माची खोड. त्यांनी लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. मग बीच रोडजवळच्या बोटीच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात गेले. मालक तान नावाचे सत्तरीचे गृहस्थ. दुकानात छतापासून जमिनीपर्यंत साखळ्या, कड्या, दोराची वेटोळी.

तान यांनी आधी तळ विचारला. वाळू आणि मऊ चिखल, असं कळल्यावर त्यांनी एक हलकासा नांगर काढला. दोन रुंद, चपटी पाती, बिजागरीवर वरखाली हलणारी. वजन पाच किलो.

"हा?" खानोलकर म्हणाले. "आमचा सोळा किलोचा टिकला नाही."

"जहाजाचा नांगर जहाजाला बरा, अंकल," तान म्हणाले. स्वतः सत्तरीचे असूनही ते गिऱ्हाइकाला अंकलच म्हणत. "जहाजावर साखळीच टनावारी असते. निम्मं काम ती साखळी करते. तुमच्याकडे दीड मीटर साखळी. प्रवाह आला की दोर नांगराची मान वर उचलतो. मान वर झाली की तो वाळूत तोंड घालणार कसा?"

खानोलकरांना हे एका झटक्यात पटलं. बल किती आहे यापेक्षा ते कुठल्या कोनात लागतं, हे त्यांना दुसऱ्याने सांगावं लागत नव्हतं. फक्त इतकी वर्षं त्यांनी ते नांगराला लावून पाहिलं नव्हतं. ओढ तळाला समांतर राहिली पाहिजे, म्हणून साखळी हवी सहा मीटर. दोर खोलीच्या पाचपट सोडायचा, म्हणजे बारा मीटरला साठ. शंभर मीटर जवळ असलेला बरा. तोही नायलॉनचा, तीन पेडांचा, कारण तो ताणतो आणि लाटेचा हिसका पोटात घेतो. नांगर उचलायला तान यांनी फुटबॉलएवढा तरंगता नारिंगी बोया आणि एक पोलादी कडी दिली. कडी दोरावर अडकवायची आणि बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी पुढे न्यायची. बोया दोरावरून नांगराच्या दिशेने सरकतो, नांगर उपटतो आणि वर तरंगत आणतो. कंबरेला काम नाही.

जूनच्या एका रविवारी खानोलकरांनी हे सगळं इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर मांडलं. दोरावर दर दहा मीटरला रंगीत सुती दोऱ्याचं वेटोळं घालत बसले. उल्का थर्मासमध्ये चहा घेऊन खाली आली होती. तिनेच सकाळी कॅप्टनना फोन केला होता. नवऱ्याला न विचारता. अकराच्या सुमाराला कॅप्टन आले.

"खेळणं आणलंत, चीफ," नांगराकडे बघून ते म्हणाले. पण आवाजात धार नव्हती.

खानोलकरांनी सगळं समजावून सांगितलं. कॅप्टन ऐकत होते. मग दोर बघायला म्हणून पुढे झाले आणि डाव्या हाताला पसरलेल्या साखळीत त्यांचा पाय अडकला. ते सावरले. दोन पावलं गेले आणि उजवीकडे ठेवलेल्या बादलीला धडकले. बादली चांगली मोठी होती, लाल रंगाची. खानोलकर हसले, "कॅप्टन, लक्ष कुठे आहे?"

उल्का हसली नाही. दवाखान्यात ती चौदा वर्षं लोकांच्या नजरेचा आवाका तपासत होती. माणसाला यंत्रासमोर बसवायचं, समोरच्या ठिपक्याकडे बघायला लावायचं आणि कडेला दिवे लुकलुकले की बटण दाबायला सांगायचं. कडेचे दिवे ज्यांना दिसत नाहीत ती माणसं कशी चालतात हे तिला पाठ होतं. ती डोळे फिरवत नाहीत, सबंध मान फिरवतात. कॅप्टननी चहाचा कप घेताना तेच केलं. तिने तो कप त्यांच्या हाती नीट टेकवला आणि साध्या आवाजात विचारलं, "भाऊजी, डोळ्यांत थेंब कुठले घालता?"

 कॅप्टननी कपातला एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"पिवळ्या झाकणाचे दोन वेळा," ते म्हणाले. "निळसर झाकणाचे झोपताना."

"किती दिवस झाले?"

"अडीच वर्षं. काचबिंदू. दोन्ही डोळे." मग म्हणाले, "ईशाला माहीत नाही, वहिनी."

"आणि समोरचं?"

"मधलं दिसतं. नळीतून बघावं तसं. लांबचं मात्र धूसर झालंय. टॉवर दिसतो, खांब दिसतो. एका वेळी एक. दोन्ही एका रेषेत आहेत की नाहीत ते… त्या दिवशी मी अंदाजाने सांगत होतो, चीफ. तुम्हाला कळायला हवं होतं, असं नाही. मी सांगायला हवं होतं."

 समोरून कोणी बाई बाजाराची ट्रॉली ओढत गेली. कॅप्टननी मान वळवून त्या आवाजाकडे पाहिलं आणि पुढचं ते जणू त्या बाईला सांगितल्यासारखं बोलले.

"जड नांगर मला कशाला हवा होता? ज्याच्याकडे सारखं बघावं लागत नाही असा नांगर हवा होता. एकदा टाकला की विसरायचं. वाटलं, वजन वाढवलं की तेवढं जमेल."

"असा नांगर नसतो, कॅप्टन," खानोलकर म्हणाले.

"माहीत आहे. छत्तीस वर्षं तेच शिकवत आलो पोरांना."

धीर देणं खानोलकरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. ते म्हणाले, "खुणा मी धरतो. तुम्ही सांगा कशा धरायच्या."

"आणि मी काय करू? आमिष कापू?"

 खानोलकरांनी एक जीपीएस घ्यायची गोष्ट काढली. नांगर घसरला की ते वाजतं. कॅप्टन म्हणाले, "म्हणजे यंत्र बोंबलणार आणि मी ऐकत बसणार." उल्काने दोघांनाही वर जेवायला नेलं. त्या दुपारी निर्णय काही झाला नाही. जाताना मात्र उल्काने कॅप्टनना दारात थांबवलं आणि ईशाला सांगायची आठ दिवसांची मुदत दिली. कॅप्टननी ती सहाव्या दिवशी पाळली. ईशा रडली, चिडली आणि नंतर बापाला तपासणीला स्वतः घेऊन जाऊ लागली.

जुलैमध्ये नवा नांगर पाण्यात पडला. कॅप्टन बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी, बसले होते. खानोलकरांनी खुणा धरल्या, सुकाणू आणि इंजिन दोन्ही त्यांच्याकडेच होतं. कॅप्टन दोर सोडत होते. प्रत्येक वेटोळं बोटांखालून गेलं की मोजत होते. दहा, वीस, तीस. रंगाची त्यांना गरज पडली नाही. साठाला त्यांनी दोर खुंट्याला अडकवला, पण हात काढला नाही. अंगठा आणि दोन बोटं दोरावर ठेवून ते मान खाली घालून बसले.

"काय झालं?" खानोलकरांनी विचारलं.

"बोलू नका." मग एक मिनिटाने, "फरफरतंय. वाळू आहे. अजून रुतला नाही." दोर ताणला, बोट हळूच नाळेवर वळली आणि थांबली. "आता धरला."

"हे तुम्हाला कळतं कसं?"

"कॅडेट होतो तेव्हा बोसननी, डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, शिकवलं होतं. साखळीवर हात ठेव, म्हणायचा, ती सांगते. चिखलात घसरला तर नुसतं मऊ ओढल्यासारखं लागतं. वाळूत कापरं भरतं. खडकावर ठोके. मास्टर झाल्यावर ब्रिजवरून बघायची सवय लागली. हात लावायचं राहूनच गेलं."

त्या दिवशी ओहोटी जोरात लागली तेव्हा नांगर एकदा सुटला. कॅप्टननी ते आधी सांगितलं. खानोलकरांना खुणांची रेष मोडलेली दिसली ती चार मिनिटांनी. दहा मीटर दोर आणखी सोडल्यावर नांगर पुन्हा बसला. बोया वापरून तो वर घेताना पहिल्या खेपेला खानोलकरांनी बोट चुकीच्या बाजूने नेली आणि दोर इंजिनच्या पंख्यात जाता जाता वाचला. कॅप्टननी नाळेवरून ज्या शिव्या दिल्या त्या साताऱ्याच्या होत्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या उंच आवाजात त्यांनी कुठल्याही चीफ इंजिनिअरला झापलं नसेल.

भाकस लागला तो ऑक्टोबरात. पावणेचार किलोचा. खानोलकरांनी तो वर घेऊन कॅप्टनपुढे धरला. कॅप्टननी त्यावरून हात फिरवला, डोळे कुठे आहेत ते चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "खरंच दोन्ही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचं याला काहीच दिसत नसणार." मग स्वतःच हसले. उल्काने तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या. वुडलँड्सला डबा गेला.

असे ते जवळजवळ चार वर्षं जात राहिले. महिन्यातून दोन रविवार, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून. भाकस एकूण नऊ मिळाले. यार्डातल्या लोकांना कॅप्टन नाळेशी दोर धरून का बसतात हे कळलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदा शेजारच्या बोटीवरच्या माणसाने खानोलकरांना विचारलं, "तुमचा मित्र पोहता येत नाही म्हणून धरून बसतो का?" खानोलकर म्हणाले, "होय, घाबरट आहे." हे कॅप्टनना सांगितल्यावर ते आठवडाभर खूष होते.

औषधांनी नजर राहिली तेवढी राहिली, पण ती टिकून राहणार नव्हतीच. दोन हजार आठच्या सुरुवातीला मधलंही मिटत चाललं. बोटीत पाय टाकताना ते दोनदा घसरले. दुसऱ्यांदा गुडघा फुटला. त्यानंतर कॅप्टननी स्वतःच फोन केला. "चीफ, पुढच्या रविवारी जाऊ. मग बस."

त्या रविवारी पाणी सपाट होतं. नांगर पहिल्याच वेळी रुतला. तीन तास बसूनही एकही मासा लागला नाही.  अकरा वाजता कॅप्टननी स्वतः दोर ओढून वेटोळं घातलं आणि ते व्यवस्थित घातलं. यार्डात बोट धुतली. मग बसने जाऊन हॉकर सेंटरमध्ये फिश सूप खाल्लं. काटे कुठे आहेत ते खानोलकर सांगत होते, आणि "मला कळतं" असं म्हणत कॅप्टन सावकाश जेवत होते.